भाड्याची आजी

काकूचे केस लालभडक होते. निसर्गाने दिलेले नव्हेत, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या डबीतले. रंग लावायचा वार ठरलेला असे. त्या दिवशी डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती घरभर हिंडायची आणि कान झाकलेले असल्यामुळे साध्या गोष्टीही ओरडूनच बोलायची. अंगात ट्रॅकपँट, पायात धावायचे बूट. ती मोटार चालवायला शिकवायची. त्या भागातल्या निम्म्या लोकांना तिची बोलणी खाल्ल्याशिवाय क्लच सोडता आला नव्हता.

आणि हीच काकू स्वेटर विणायची. एक शिकाऊ उतरून दुसरा येईपर्यंत जेवढा वेळ मिळे, तेवढ्यात गाडीच्या बॉनेटला टेकून सुया चालवायची. विणता विणता ती भांडू शकायची, गाणं म्हणू शकायची, मैदानात गाडी मागे घेणाऱ्याला "डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे!" असं सांगू शकायची. टाका मात्र चुकायचा नाही.

त्या स्वेटरांची लोकर रंगवायची तिची थोरली जाऊ. ती पूर्वी एका कापड गिरणीच्या रंगखात्यात होती. तिथल्या रसायनांनी हातांची सालं निघायला लागली, छातीत खोकला बसला, तेव्हा डॉक्टरांनी नोकरी सोडायला लावली. घरी बसून तिला करमेना. एकदा भाजी निवडताना कांद्याची सालं फेकायच्या ऐवजी तिने पातेल्यात उकळली, त्यात पांढऱ्या लोकरीची एक लडी बुडवली आणि वर आली ती मधासारखी पिवळी. तेव्हापासून त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. झाकणाची पिंपं, तुरटीचे डबे, अक्रोडाची हिरवी टरफलं, लाल रंग देणारी मंजिष्ठेची मुळं, निळीचा उग्र वास. शेजाऱ्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग थंडी पडल्यावर स्वेटर मागायला आले.

या थोरलीची मुलगी म्हणजे बारकी. घरात सगळ्यांत शेवटी जन्मली म्हणून बारकी. आता दारातून जाताना तिला डोकं वाकवावं लागायचं, तरी बारकीच. ती स्टायलिस्ट होती. मासिकात कपड्यांचे जे मोठे मोठे फोटो छापून येतात, त्यांतलं काय कशावर घालायचं हे ठरवणं तिचं काम. ऐकायला झकपक वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर वाफेची इस्त्री हातात, तोंडात टाचण्या, मॉडेलच्या पाठीमागे चिमटे लावून ढगळ स्वेटर अंगाबरोबर बसवायचा, उसने आणलेले बूट झिजू नयेत म्हणून त्यांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावायची, आणि संध्याकाळी सगळं जिथल्या तिथे पोचवून द्यायचं. कपडे आणणं तिच्या अंगावर, परत नेणंही तिच्याच.

एकदा ती आईने निळीत रंगवलेला, काकूने विणलेला स्वेटर घालून एका मोठ्या मासिकाच्या ऑफिसात गेली. तिथल्या संपादिकेला सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी बाहीला हात लावला, सोडला, पुन्हा लावला.

"कुठून घेतलास?"

"घरचा आहे. आई रंगवते, काकू विणते."

"हाताने? आणि रंग खरे, झाडापाल्याचे?"

"हो."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "थंडीच्या अंकात आठ पानं देते. तूच कर."

बारकी जिना उतरली की उडाली, तिचं तिला कळलं नाही. असल्या अंकात आठ पानं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती. आईने त्या दिवसापासून गॅस मोकळा ठेवला नाही. काकूने दोन शिकाऊंना सुट्टी देऊन टाकली. शाली, गुडघ्यापर्यंत येणारे जाड झगे, उंच गळ्याचे स्वेटर, अक्रोडी, गाजरी, राखी, आणि निळ्याच्या इतक्या छटा की त्यांना नावं देताना तिघींची भांडणं झाली.

मग एक दिवस मॅडम घर बघायला आल्या. जिना चढताना त्यांचा चेहरा उत्सुक होता. दार उघडलं तेव्हा तो जरा उतरला. सोफा, टीव्ही, भिंतीवर घड्याळ, गॅलरीत निळी प्लॅस्टिकची पिंपं.

"मातीची भांडी नाहीत का तुमच्याकडे?" त्यांनी आईला विचारलं.

"मातीचं भांडं रंग पिऊन टाकतं हो. स्टील बरं पडतं."

"आणि चूल?"

"तिसऱ्या मजल्यावर?" आई हसली. मॅडम हसल्या नाहीत.

तेवढ्यात काकू आली. हातात गाडीची किल्ली, काखेत विणकामाची पिशवी. "आलात? बसा, बसा. वाहतूक काय होती, बाप रे!" असं म्हणत तिने सोफ्यावर बसकण मारली आणि सुया बाहेर काढल्या. मॅडमनी तिच्या केसांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, पुन्हा केसांकडे पाहिलं.

"विणतात त्या… ह्याच?" त्यांनी बारकीला हळूच विचारलं.

"ह्याच." हे काकूनेच सांगितलं. तिला हळू बोललेलं बरोबर ऐकू यायचं.

जाताना जिन्यात मॅडम बारकीला म्हणाल्या, "कपडे अप्रतिम आहेत. बाकीचं मी बघते." बाकीचं म्हणजे काय, हे बारकीने विचारलं नाही. तिला वाटलं, प्रकाशयोजना असेल.

फोटो काढायचे होते ते एका जुन्या गोदामात. उंच छप्पर, वरच्या काचांतून येणारा तिरपा उजेड. बारकीने कधी नव्हे इतकं मन लावून काम केलं. गाजरी स्वेटरवर राखी शाल टाकली तेव्हा फोटोग्राफरच्या तोंडून आपसूक "वा!" निघालं. एकाच पिंपातून निघालेल्या दोन लड्याही कधी सारख्या नसतात. त्यामुळे स्वेटरच्या अंगावर रंग कुठे गडद, कुठे फिका होत जायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते बघून बारकीला आईला फोन लावावासा वाटला.

दुपारी मॅडमची एक मदतनीस पिशवीतून पॉलिश पेपर घेऊन आली, लाकूड घासायला वापरतात तो.

"हे कशाला?" बारकीने विचारलं.

"कोपरावर घासायचंय. मॅडम म्हणाल्या, फार नवे दिसतायत. पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यासारखे दिसायला हवेत."

"ते गेल्या महिन्यात विणलेत!"

"म्हणून तर घासायचेत."

बारकीने पेपर तिच्या हातातून घेतला, चुरगळला आणि स्वतःच्या खिशात कोंबला. "मॅडमना सांग, बारकीने खाल्ला." मदतनीस तोंड वाकडं करून गेली. मॅडम दुरून पाहत होत्या, पण काही बोलल्या नाहीत. आपलं म्हणणं त्यांना पटलं, असं बारकीला वाटलं.

ऊन कलता कलता गोदामाच्या दाराशी एक गाडी थांबली आणि आतून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. पिकलेले केस, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आणि त्या सुरकुत्या आणखी खोल दिसाव्यात म्हणून त्यांत तपकिरी पेन्सिल फिरवलेली.

"या कोण?" बारकीने मॅडमना विचारलं.

"अगं, एक पानभर वातावरण. हातात लोकर, चेहऱ्यावर उजेड. बाकी काही नाही. ती मंजिष्ठेची शाल दे त्यांना."

बारकीने त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, चुण्या नीट केल्या, हातात काकूच्या सुया दिल्या. म्हाताऱ्या बाईंनी त्या खाली टोक करून पेनासारख्या धरल्या.

"बाळ, मला यातलं काही येत नाही हं," त्या हळूच म्हणाल्या. "मी नाटकातली. स्वेटर आयुष्यभर विकतच घेतलेत."

"नुसत्या धरा, आजी," फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून म्हणाला. "खाली बघा. दूरचं काहीतरी आठवतंय, असं."

त्यांनी खाली पाहिलं. नाटकातल्याच त्या, क्षणात डोळे भरून आले.

अंक बाहेर आला त्या दिवशी बारकी दुकानाचं शटर वर जायच्या आधीच तिथे जाऊन उभी होती. पानं उलटली. रंग होते तसेच उतरले होते, कुठे कमी नाही, जास्त नाही. तिला हुंदका आला. मग पान उलटलं आणि समोर त्या म्हाताऱ्या बाईंचा फोटो आला, दोन्ही पानं व्यापून. त्याखाली मजकूर होता. तो तिने रस्त्यात उभ्या उभ्या एकदा वाचला, भिंतीला टेकून पुन्हा वाचला आणि अंक बंद करून तडक घरी आली.

आई आणि काकू चहा घेऊन वाटच बघत होत्या. काकूने अंक हिसकावून घेतला. "अगं बाई, ताई, बघ ना! ही तुझी नीळ! आणि हा माझा गळा, दोनदा उसवलेला!" दोघी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मग काकूने पान उलटलं.

"ही कोण म्हातारी?" ती म्हणाली, आणि खो खो हसली. "सुया कशा धरल्यात बघ! पळीसारख्या! हिने विणलं तर मोजाही…" बोलता बोलता तिची नजर खाली गेली. ती मोठ्याने वाचू लागली.

"'शहरापासून दूर, रस्ता संपतो त्याच्याही पलीकडच्या एका वस्तीत हे थरथरते हात आजही लोकर विणतात. सात पिढ्यांची ही विद्या आजीने आपल्या आजीकडून घेतली. तिला अक्षरओळख नाही. तिला फक्त रंगांची भाषा कळते. या निनावी हातांना आमचा सलाम.'"

काकूने वाचणं थांबवलं. चहावर साय धरली होती.

"वस्ती कुठली?" ती म्हणाली. "ही बाई कोण? सात पिढ्या कुणाच्या? मी शेजारच्या नर्सबाईकडून विणायला शिकले, ती पण मोबाइलवर बघून शिकली होती!" तिचा आवाज चढत चालला. "निनावी? मला नाव नाही? त्या बयेने आपल्या सोफ्यावर बसून चहा ढोसला, तेव्हा काय मी भिंत होते?"

आईने अंक आपल्याकडे ओढून घेतला. चष्मा लावला, मजकूर सावकाश वाचला. काकू ओरडली की घरात कुणाला विशेष वाटत नसे. आई गप्प झाली की मात्र सगळे जपून राहायचे.

"अक्षरओळख नाही," ती म्हणाली. एवढंच. मग उठून गॅलरीत गेली आणि पिंपातली लोकर काठीने ढवळू लागली, गरज नसताना.

बारकीने तिथूनच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, हे काय छापलंय तुम्ही?"

"सुंदर झालंय ना! फोन थांबत नाहीयेत इथे."

"ते सगळं खोटं आहे!"

"अगं, कथा आहे ती. वाचकाला कथा लागते."

"कथा होती की! खरी होती! गिरणीतून आजारी पडून बाहेर पडलेली बाई, गाडी शिकवणारी बाई…"

"त्या केसांचा फोटो छापला असता, तर हे रंग झाडापाल्याचे आहेत यावर कुणी विश्वास ठेवला असता? सांग मला."

"पण ते खरं आहे."

"खरं असून काय उपयोग? खरं वाटलं पाहिजे. आणि हे बघ, तुझं नाव छापलंय की, स्टायलिस्ट म्हणून. शनिवारी हॉटेलच्या दालनात प्रदर्शन आहे, सगळे स्वेटर मांडतोय आपण. तू ये. घरच्यांना आणू नकोस, जागा कमी आहे."

फोन बंद झाला. बारकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. स्वतःचं नाव छापून आल्याची तिला लाज वाटली, आणि ती लाज आपल्यावर लादली गेली याचा आणखी संताप आला. काकू समोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय म्हणाली?"

"तुझे केस बघून कुणाचा विश्वास बसला नसता, म्हणाली."

काकूने केसांना हात लावला. तिच्या चेहऱ्यावर एक क्षणभर असं काहीतरी आलं, जे बारकीने आजवर कधी पाहिलं नव्हतं. काकूला अपमान वाटला होता. क्षणभरच. मग ती म्हणाली, "स्वेटर कुणाचे आहेत?"

"आपले. अंक निघेपर्यंत ठेवायला मी उसने दिलेत."

"आणि उसने दिलेले परत कोण आणतं?"

"मीच."

"मग आण ना. गाडी मी काढते."

शनिवारी दुपारी तिघी निघाल्या. हॉटेलच्या पुढच्या दारात गर्दी होती. बारकीला मागचं दार ठाऊक होतं. स्टायलिस्ट लोक सामान घेऊन तिथूनच ये-जा करतात. पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा तिने कपड्यांच्या रिकाम्या पिशव्या दाखवल्या आणि म्हणाली, "सामान न्यायला आलोय." ते खरंच होतं.

दालनात मंद दिवे होते. कापडी पुतळ्यांच्या अंगावर एकेक स्वेटर, प्रत्येकावर वरून उजेड. भिंतीवर तो फोटो, माणसाहून मोठा, शेजारी तो मजकूर, ठळक अक्षरांत. आणि त्या भिंतीखाली, गवताची चटई अंथरून, मंजिष्ठेची शाल पांघरून, त्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. हातात सुया. लोक जवळ जाऊन वाकून बघत होते, फोटो काढत होते, आपसांत कुजबुजत होते. कुणी त्यांच्याशी बोलत मात्र नव्हतं. निनावी हातांना काय विचारणार?

"हे म्हणजे अतिच झालं," काकू म्हणाली.

तिने पहिल्या पुतळ्याच्या अंगातून स्वेटर काढला. घाईने ओढला नाही. एक बाही, दुसरी बाही, मग गळा. घरी काढतात तसा. घडी घातली आणि बारकीने उघडून धरलेल्या पिशवीत ठेवला. मग दुसरा. आसपासच्या लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. तिसरा निघाला तेव्हा मॅडम धावत आल्या. चेहऱ्यावर हसू होतं, दात आवळलेले.

"काय चाललंय? बारकी, काय आहे हे?"

"कपडे परत नेतेय. माझं कामच आहे ते."

"आत्ता? लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच बोलावलंयत ना त्यांना."

"एवढ्याशा गोष्टीवरून तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस. या शहरात तुला कुणी काम देणार नाही, लक्षात ठेव."

मॅडम पोकळ धमक्या देत नसत, हे तिला माहीत होतं. तिने पिशवी आणखी उघडी धरली. "काकू, तो गाजरी घे."

इतका वेळ आई कुठे आहे, हे कुणी पाहिलं नव्हतं. ती भिंतीवरच्या मजकुरासमोर उभी होती. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज काकूसारखा नव्हता, पण गिरणीच्या यंत्रांच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा कमावलेला होता. "'शहरापासून दूर, रस्ता संपतो त्याच्याही पलीकडच्या एका वस्तीत…'" माणसं वळली. ती एकेक शब्द स्वच्छ म्हणत गेली. "'तिला अक्षरओळख नाही,'" इथे ती थांबली आणि चष्म्यावरून मॅडमकडे पाहिलं. "हे रंग मी केलेत, बाई. मग हे कुणाबद्दल लिहिलंय तुम्ही?"

मॅडमचं हसू गेलं. "हे बघा, तुम्हाला समजत नाहीये. ही एक मांडणी असते…"

"मला समजतंय. माझे रंग हवेत, मी नको. एवढंच आहे ना?"

एक नटलेली बाई पुढे आली. तिला खरंच कळेनासं झालं होतं. "पण मग हे विणलं कुणी?"

"मी," काकू म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत स्वेटर होते.

बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पण तुम्ही… तशा वाटत नाही हो."

"कशा?"

"म्हणजे… विणणाऱ्या."

"विणणाऱ्या कशा वाटतात?"

बाईने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला, आणि केल्यावर तिच्याच लक्षात आलं. तिने हात खाली घेतला.

चटईवरच्या म्हाताऱ्या बाई उठायची धडपड करत होत्या. बारकीने हात दिला. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, वेडीवाकडी घडी केली आणि काकूपुढे धरली. "तुमची ना ही? मी त्यांना सांगितलं होतं हो, मला विणता येत नाही. म्हणाले, विणायचं नाहीये, बसायचंय. बसायचं काम मी पुष्कळ केलंय, पण ते रंगमंचावर. तिथे तिकीट काढून आलेल्याला माहीत असतं की ही खोटी आजी आहे." मग त्या जमलेल्या लोकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी जाते आता. पाय वळलेत माझे."

त्यांना काकूनेच गाडीतून घरी सोडलं.

मॅडमनी बोललेलं खरं केलं. पुढच्या अंकात चुकीची दुरुस्ती आली नाही. आठवड्याभरात बारकीबद्दल मात्र सगळीकडे पसरलं की ती भर कार्यक्रमात तमाशा करते, तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ठरलेली कामं एकेक करून हातची गेली. कुणी कारणही सांगितलं नाही. फोटोग्राफरला तिने फोन केला, तर तो म्हणाला, "मी फक्त बटण दाबतो गं. खाली काय लिहितात ते माझ्या हातात नसतं." आणि थोड्याच दिवसांनी त्या आजीच्या फोटोला मोठं पारितोषिक मिळालं. ती बातमी वाचून बारकीने वर्तमानपत्राचे तुकडे केले, ते पायाने तुडवले, आणि मग केर काढायची वेळ तिच्यावरच आली.

"आता काय करायचं?" आईने विचारलं.

"दाखवायचं," बारकी म्हणाली. "आपणच."

काकूच्या मैदानावर तिने प्रदर्शन मांडलं. गाड्या वळवायला ठेवतात त्या नारिंगी शंकूंमध्ये उंच काठ्या रोवून त्यांना दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांवर स्वेटर घातले. शिकाऊ लोकच मॉडेल. त्यांना बारकीने स्वतः सजवलं, स्टिअरिंगवर हात ठेवून, खिडकीत कोपर टेकवून उभं केलं, आणि आपल्याच कॅमेऱ्याने फोटो काढले. पाठीमागे एकही चिमटा लावला नाही. ज्याच्या अंगाला जो बसला तो त्याने घातला. आई पिंपं घेऊन आली होती आणि विचारणाऱ्याला लोकर बुडवून दाखवत होती. नाटकातल्या बाईही आल्या. केस मोकळे सोडलेले, अंगात निळा झगा, ओठांवर रंग. मागच्या सीटवर राणीसारख्या बसल्या होत्या.

झकपक मंडळी कुणी आली नाहीत. आजूबाजूचे आले, शिकाऊंचे घरचे आले, हळूहळू लांबचेही आले. काही स्वेटर गेले. बारकीला वाटलं, जमतंय.

दुपारनंतर एक बाई आली. हातात मासिकातलं ते पान, जपून घडी केलेलं. तिने स्वेटर पाहिले, पान पाहिलं, आणि मग मागच्या सीटवरच्या नाटकातल्या बाई तिला दिसल्या. ती थेट खिडकीशी गेली.

"आजी, हे लोक तुम्हाला नीट वागवतात ना? मोबदला देतात ना वेळेवर?"

"अहो, मी नाटकात काम करते," त्या म्हणाल्या. "हे विणतात त्या तिकडे, लाल केसवाल्या."

बाईने काकूकडे पाहिलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "म्हणजे मधले दलाल तुम्ही? म्हाताऱ्या माणसाकडून करून घ्यायचं आणि आपल्या नावावर खपवायचं? लाज नाही वाटत?"

काकूने तोंड उघडलं, पण तिच्याआधी बारकीच फुटली. "तो फोटो मी सजवलाय, बाई! ती शाल मी घातली त्यांना. सुया मी दिल्या त्यांच्या हातात. त्या मजकुरात एक शब्द खरा नाही. मला विचारा ना, मी होते तिथे!"

बाई जरा मागे सरकली. मग शांतपणे म्हणाली, "मग तुम्ही तेव्हा खोटं बोलत होतात, की आता बोलताय?"

"तेव्हा माझ्या तोंडून दुसऱ्यांनी खोटं वदवून घेतलं," बारकी म्हणाली. "आता मी माझ्या तोंडाने बोलतेय."

बाईने खांदे उडवले. पान पुन्हा नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि निघून गेली. काही घेतलं नाही, आईच्या पिंपाकडे वळूनही बघितलं नाही.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "बस जरा. पाणी पी."

बारकी बसली नाही. ती मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने विचारो न विचारो, अडवून सांगू लागली: विणते ती तिकडे, शिकाऊला ओरडतेय ती, रंगवते ती इकडे, पिंपापाशी, दोघी जावा आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, या आणि बघा. काही थांबले, काही हसले, काही नुसतेच पुढे गेले. दिवेलागणीपर्यंत तिचा घसा पार बसला होता, आणि तरी ती सांगतच होती.